उलव्याच्या भिंतीवरची वर्नेल टिब्स

घड्याळ भेट देणाऱ्या माणसांबद्दल पूर्वी माझ्या मनात काही राग नव्हता. आता आहे. लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, दुकानात शिरायचं, समोर दिसेल ते भिंतीवरचं घड्याळ चमचमत्या कागदात गुंडाळून घ्यायचं, यजमानाच्या हातात कोंबायचं आणि जेवणाच्या रांगेत उभं राहायचं, ही जी आपल्याकडे पद्धत पडली आहे, तिच्यावर सरकारने बंदी आणावी असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो. सांगताना आवाज चढला तर चढू दे. आजवर फार खाली ठेवला.

मी कमळाकर गुप्ते, राहणार नवीन पनवेल. जासईच्या एका कंटेनर यार्डात क्लिअरिंगचं काम करतो, म्हणजे लोकांचा परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देतो. आजवर मी क्रेन सोडवल्यात, कारखान्याचे बॉयलर सोडवलेत, एकदा तर सर्कशीचा तंबू सोडवला. आणि असा मी, स्वतःची ताटलीएवढी एक वस्तू पळस्प्यापासून नवीन पनवेलपर्यंत आणू शकलो नाही. यार्डात ही गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही. कृपया सांगू नका.

ती वस्तू म्हणजे एक रेकॉर्ड. मला सोल संगीताचा नाद आहे. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं साठ-सत्तरच्या दशकातलं गाणं. चर्चमध्ये तयार झालेला गळा आणि संसारात पोळलेलं मन, असं त्याचं मी थोडक्यात वर्णन करतो, आणि एवढं केल्यावर समोरचा हमखास विचारतो, "पण मग आपलं नाट्यसंगीत का नाही ऐकत?" ऐकतो ना! तेही ऐकतो! एक ऐकलं की दुसऱ्याला कान बंद होतात का?

यार्डात नवा होतो तेव्हा एका जहाजावरच्या रेडिओ ऑफिसरने मला एक कॅसेट दिली होती. त्यात शेवटी वर्नेल टिब्स नावाच्या एका बाईचं गाणं होतं, 'मंडे इन माय शूज'. सोमवारी सकाळी नवरा निघून गेलाय आणि ही बाई त्याचे जुने बूट घालून घरभर फिरतेय, एवढंच. पण काय गायली आहे! आवाज चढत चढत एका जागी जातो, आता ती काहीतरी सांगणार, आणि खट्. कॅसेट संपते. गाणं अर्ध्यावरच. कुणी कुठून उतरवून घेतलं होतं देवाला ठाऊक. ते कधी बाजारात आलंच नव्हतं. त्या बाईला पुढे काय म्हणायचं होतं, हा प्रश्न घेऊन मी लग्न केलं, फ्लॅट घेतला, चष्म्याचे नंबर बदलले. सुनीता, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणायची, "इतकी वर्षं अर्ध्यावर काढलीत ना, उरलेलीही निघतील." बायका किती निर्दयपणे बोलू शकतात!

आणि २०१४ साली बातमी आली. लंडनच्या एका छोट्या कंपनीला कुठल्याशा गोदामात जुन्या टेप सापडल्या होत्या आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्या सोल गाण्यांची एक रेकॉर्ड निघणार होती. मोजक्याच प्रती. यादीत दुसरं नाव वर्नेल टिब्स.

मुंबईत आमच्यासारख्या शौकिनांचं एक मंडळ आहे. वांद्र्याला केतन नावाच्या गृहस्थांच्या घरी जमतं. या केतनकडे इतक्या रेकॉर्डी आहेत की त्यांच्यासाठी वेगळी एसी खोली आहे. ते रेकॉर्ड ऐकत नाहीत, तपासतात. मी गेलो की "अरे, पनवेल आलं!" म्हणतात. मला नाव आहे. कमळाकर. चांगलं फुलाचं नाव आहे. पण नाही, मी पनवेल. आणि बसायला मला नेहमी बाथरूमच्या दाराजवळचं स्टूल. मी हसून बसतो. मला चिडता येत नाही, म्हणजे आत येतं, बाहेर येत नाही. आत मी केतनला त्या स्टुलावर बसवून कितीदा ढकलून दिलंय.

तर त्या रेकॉर्डवर जगभरचे शौकीन असे तुटून पडले की डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रती संपल्या. केतन दोन कॉम्प्युटर लावून बसले होते, त्यांना मिळाली नाही. मला मिळाली! यार्डातल्या खटारा कॉम्प्युटरवर, एका बाजूला डाळीच्या कंटेनरचे कागद उघडे असताना! मंडळाच्या ग्रुपवर मी ते लगेच कळवलं. मग केतननी लिहिलं, "पनवेल, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आपण सगळे तुझ्याकडे येतोय." आयुष्यात पहिल्यांदा वांद्रे पनवेलला येणार होतं.

इथे अवधूत येतो. अवधूत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी. त्याला सगळं कळतं. पैसे यार्डातून भरले होते, पत्ता मात्र संध्याकाळी घरी बसून भरत होतो, तेव्हा हा साखर मागायला आल्यासारखा आला आणि मागे उभा राहिला.

"न्यू पनवेल कशाला लिहिताय? परदेशी माणसाला पनवेल काय कळणार? नवी मुंबई लिहा."

"अहो, पण आपण पनवेलमध्ये राहतो."

"आमचा जावई दुबईहून सगळं नवी मुंबईवर पाठवतो. सेक्टर, प्लॉट आणि नवी मुंबई. बस्स. वजन पडतं पत्त्याला."

आता खरं बोलायचं तर आमच्याकडे सगळेच असं करतात. लग्नाच्या पत्रिकेत नवी मुंबई, भांडायला उभे राहिलो की पनवेल. मीही लिहिलं. नाव साहेबी थाटात नुसतं 'मिस्टर के.', सेक्टर आठ, प्लॉट बावीस, नवी मुंबई. पिनकोड अवधूतने सांगितला, तोही ठसक्यात.

पार्सल येण्याच्या दिवशी मी रजा टाकून घरी बसलो. कुणी आलं नाही. संध्याकाळी मोबाइलवर निरोप: "आपले पार्सल पोहोचले. स्वीकारणार: काळूराम."

कोण काळूराम? आमच्या बिल्डिंगमध्ये काळूराम नाही. आमच्या अख्ख्या खानदानात काळूराम नाही.

दुसऱ्या दिवशी पळस्पे फाट्यावर कुरियरच्या ऑफिसात गेलो. अवधूत "माझी ओळख आहे" म्हणत बरोबर आला. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन पाहिला आणि म्हणाला, "डिलिव्हर झालंय."

"मला मिळालेलं नाही."

"इथे मिळालंय."

"सही काळूरामची आहे. मी कमळाकर आहे."

"के. लिहिलंय. के. म्हणजे काळूराम पण होऊ शकतं. तुम्ही काळूराम नाही हे कशावरून?"

मी आधारकार्ड दाखवलं. त्यावर मी कमळाकर आहे हे सिद्ध होत होतं. काळूराम नाही हे सिद्ध होत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. एखाद्याचं टोपणनाव असतं, तो म्हणाला. अवधूतने मान डोलावून "पॉइंट आहे" म्हटलं. माझ्या बाजूने आलेला माणूस! शेवटी पाठीमागे चहा पिणारा ड्रायव्हर म्हणाला, "ते उलव्याला दिलं मी. सेक्टर आठ, प्लॉट बावीस. वास्तुशांत चालली होती, मला लाडू दिले." नवी मुंबईत सेक्टर आठ जिथे तिथे आहेत, हे मला त्या वेळी, त्या माणसाच्या मिशीला लागलेल्या बिस्किटाकडे बघताना समजलं. अवधूत म्हणाला, "तरी मी म्हणत होतो, न्यू पनवेल लिहा."

तरी मी त्याला बरोबर घेतलं आणि रिक्षाचे पैसेही मीच दिले. मीच दिले! आज ते आठवलं तरी माझे कान गरम होतात.

उलव्याला त्या काळात पत्ता शोधणं म्हणजे वेडेपणा होता. जिकडे तिकडे अर्धवट इमारती, विमानतळ येणार म्हणून बिल्डरांचे बोर्ड, सिमेंटचे मिक्सर आणि धूळ. ज्याला विचारावं तो म्हणे, "मी पण नवीनच." शेवटी आठवड्याभराच्या चकरांनंतर एका चारमजली बिल्डिंगच्या दाराला वाळलेलं तोरण दिसलं. तळमजल्यावर मालक. मालक म्हणजे काळूराम. गळ्यात सोन्याची साखळी, चेहऱ्यावर पाहुणा आल्याचा मनापासूनचा आनंद. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्याने ही बिल्डिंग उठवली होती.

"या, या, बसा. पानी पिताव का च्या? शांती, पावनं आलं!"

मी आत पाऊल टाकलं आणि भिंतीकडे पाहिलं. हॉलची अख्खी भिंत घड्याळांनी भरली होती. वास्तुशांतीच्या भेटी. गणपतीचं घड्याळ, मोराचं घड्याळ, ताजमहालाचं घड्याळ, लंबक हलणारं, पक्षी ओरडणारं, आणि प्रत्येकात वेगळे वाजलेले. बरोबर मधोमध, मानाच्या जागी, काळं कुळकुळीत, सोनेरी काट्यांचं घड्याळ. त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली. मध्ये पिवळं लेबल. मी जवळ गेलो.

ती माझी रेकॉर्ड होती. वर्नेल टिब्सच्या छातीवर काटे बसवून त्यांनी तिला सव्वाअकरा वाजायला लावले होते.

"चांगला हाय ना?" काळूराम मागे येऊन म्हणाला. "आमचा पुतन्या शैलेस जहाजावर हाय, त्यानीच धाडला असंल, इलायतीवरना. पन कस्टमवाल्यांनी काटं काडून घेतलं वाटतं. नुसता ताट आला, मदी भोक. मंग घड्यालवाल्याकडना मशीन बसवून घेतली. भोक जरा बारीक व्हता, कानस मारली."

"कानस," मी म्हणालो.

"थोरीशीच."

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेकॉर्डचं मधलं भोक म्हणजे तिचा प्राण. ते केसभर सरकलं की रेकॉर्ड डगमगत फिरते आणि गाणारा माणूस तराफ्यावर उभा राहून गातोय असं वाटतं. आणि खाचांमध्ये हळदकुंकू! कव्हर कुठे आहे म्हणून विचारलं तर शांतीवहिनींनी मोठ्या कौतुकाने स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. तेलाच्या डब्याखाली होतं. वर्नेल टिब्सच्या डाव्या गालावर गोल डाग पडला होता.

मी शक्य तितक्या सभ्यपणे सांगितलं की हे घड्याळ नाही, गाण्याची रेकॉर्ड आहे आणि माझी आहे. काळूराम बिचारा ओशाळला. तो खोटा माणूस नव्हता, आणि याचाच मला जास्त राग आला, कारण चांगल्या माणसावर ओरडता येत नाही.

"तुमचा असंल तर तुमचाच हाय, दादा. मी नाय कुटं बोलतो? पन आता पूजेत ठेवला ना. सव्वा म्हैना वास्तूतली वस्तू उंबऱ्याभायेर द्यायची नाय, भटांनी सांगलाय. सव्वा म्हैन्यानी मी सोता आनून देतो."

"अहो, पण रविवारी माझ्याकडे वांद्र्याची माणसं ऐकायला येणार आहेत!"

"मंग हितंच ऐका की," शांतीवहिनी दारातून म्हणाल्या. "भितीवरना काडला तर काय होत नाय. घराभायेर नको, बस्स. तुमची मशीन आना. मान्सं किती येतील? कोंबडी करते."

इथेही बरोबर आलेला अवधूत म्हणाला, "हे बेस्ट!" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "चालेल" बाहेर पडलं. हा माझ्या तोंडाचा जुना दोष आहे.

रविवारी मी रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर जुन्या गोधड्यांत गुंडाळून उलव्याला नेले. सुनीताही आली, म्हणाली, निदान कोंबडी तरी मिळेल. आधी काटे काढले. मग मी ओल्या फडक्याने हळदकुंकू पुसायला बसलो, तर काळूरामच्या भावकीतल्या एका म्हातारबुवांनी, पूजेचं कुंकू पुसू नये, असं म्हणून माझा हात धरला. वरवरचं पुसलं. खाचांतलं राहिलं.

केतन आणि मंडळी दोन गाड्यांतून आली, धुळीने पांढरी झालेली. केतननी हॉलभर नजर फिरवली. एका बाजूला वांद्र्याची आठ-दहा माणसं सोफ्यावर, दुसऱ्या बाजूला "इलायती गाना" ऐकायला जमलेली काळूरामची सगळी भावकी चटयांवर, आणि भिंतीवर घड्याळं. "इंटरेस्टिंग स्पेस, पनवेल," ते म्हणाले. रेकॉर्डला काय झालंय हे त्यांना सांगायचं मी ठरवलं होतं. पण कसं सांगणार? काय सांगणार? मी नुसतीच सुई ठेवली.

पहिलं गाणं चरचरत, हेलकावे खात संपलं. मग वर्नेल टिब्स सुरू झाली. तोच आवाज! पण हलणारा, वर-खाली होणारा.

"माय गॉड," केतन डोळे मिटून म्हणाले, "हा व्हायब्रॅटो बघा! असा कंप त्या काळात कुणाच्याच गळ्यात नव्हता. आणि ही जुनी चरचर, ही त्यांनी साफ केली नाही. ग्रेट निर्णय."

चरचर नव्हे, कुंकू आहे ते! व्हायब्रॅटो नव्हे, कानस आहे! मनातल्या मनात हे म्हणत मी स्पीकरचा आवाज वाढवला. मंडळातल्या दुसऱ्याने त्या कंपावर आपलं मत सांगितलं. तिसऱ्याने त्याला विरोध केला. अवधूतचा फोन वाजला आणि तो तिथेच बसून "हां, बोल, गाण्यात आहे" म्हणून पार्किंगच्या भांडणाबद्दल बोलू लागला. दार उघडलं, वास्तुशांतीला यायचं राहून गेलेलं एक जोडपं आत आलं, हातात चौकोनी खोकं. घड्याळ. त्यांना जागा करून दिली, चहा विचारला गेला. गाणं चढत होतं. ती बूट घालून खिडकीशी गेली होती, आवाज त्या जागेकडे चालला होता. मी पुढे वाकलो. आता पुढचं. इतक्या वर्षांनी पुढचं.

आणि ती थांबली.

खट् नाही. रेकॉर्ड चालूच होती. आतून एक दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, वाद्यं एकेक करून गप्प झाली. मग वर्नेल टिब्स बोलू लागली. इंग्रजीत, पण मी तुम्हाला सांगतो ती काय म्हणाली. ती म्हणाली, कोण आहे ते? बाहेर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावलेला दिसत नाही का? जेवण आलं म्हणून दार उघडतोस? मी आत मरतेय आणि तुला जेवण सुचतंय? सकाळपासून मी या जागेपर्यंत चढत होते. पुन्हा नाही येणार ते. तुम्हाला वाटतं नळ आहे, सोडला की येईल. नाही येणार.

मला कळलं. पुढचा भाग कुणी कापला नव्हता. तो जगात नव्हताच. कुणा एका गाढवाने दार उघडलं आणि ते गाणं तिथेच मेलं. म्हणून ते इतकी वर्षं गोदामात पडून राहिलं. मी ज्याची वाट पाहत होतो ते कुणी कधी गायलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवत नाही.

"फॅन्टॅस्टिक!" केतन मोठ्याने म्हणाले. "स्टुडिओतलं बोलणं जसंच्या तसं! हेच तर सोनं. यानेच या प्रतीची किंमत..."

"गप्प बसा!" मी ओरडलो.

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. आणि मग मला थांबता येईना. "ती बोलतेय ना? बाई बोलतेय! गात होती तेव्हा तुम्ही बोललात, रडतेय तेव्हाही तुम्हीच बोलणार? आणि माझं नाव पनवेल नाही, कमळाकर आहे! तुमच्या त्या स्टुलावर मी पुन्हा बसणार नाही! व्हायब्रॅटो नाही तो, भोकाला कानस मारलीय, आणि चरचर कुंकवाची आहे! अवधूत, तो फोन ठेव! पत्ता तुझ्यामुळे चुकला, पळस्प्याला तू उलटलास, आणि तुझ्या घरी साखर असते, मला माहीत आहे! आणि तुम्ही, तुम्ही, घड्याळं का आणता हो? दुसरं काही मिळत नाही? डबा आणा, चादर आणा! या माणसाच्या भिंतीवर जागा तरी आहे का?"

ते उशिरा आलेलं जोडपं खोकं पोटाशी धरून उभं राहिलं. अवधूतने फोन बंद केला. सुनीता माझ्याकडे असं पाहत होती की जणू मला पहिल्यांदाच पाहतेय. स्पीकरमधून वर्नेल टिब्सचं शेवटचं वाक्य आलं, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज, मग काहीच नाही. मी सुई उचलली. आपण परक्याच्या घरात, ज्याची कोंबडी शिजतेय त्याच्या पाहुण्यांवर ओरडलो, हे माझ्या लक्षात आलं आणि मी माफी मागायला काळूरामकडे वळलो.

तो जागेवर नव्हता. दाराशी गेला होता. त्याने दार लोटलं, वरची कडी लावली, खालचीही लावली, स्वयंपाकघरातल्या बायकांना हाताने बसायची खूण केली आणि परत येऊन चटईवर मांडी घालून बसला.

"लावा, कमलाकरदादा, पहिल्यापासना," तो म्हणाला. "आता कोन येत नाय. गाऊंदे बाईला पुरा."

ही रेकॉर्ड आहे, बाई पुन्हा तिथेच थांबणार, हे मी त्याला सांगू शकलो असतो. कुणीच हललं नाही. केतनसुद्धा. मी सुई गाण्याच्या सुरुवातीला ठेवली.